जन नाट्य मंच : प्रेक्षकांच्या वस्तीत जाणारी राजधानीची रंगभूमी

दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून उत्तर प्रदेशातील साहिबाबाद ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील झंडापूर या कामगार वस्तीत दरवर्षी १ जानेवारीला कामगार, विद्यार्थी आणि रंगकर्मी एकत्र येतात, गाणी म्हटली जातात आणि उघड्या जागेत नाटकाचा प्रयोग होतो. १९८९ साली याच दिवशी, याच ठिकाणी, 'हल्ला बोल' या पथनाट्याचा प्रयोग सुरू असताना कलावंतांवर आणि प्रेक्षकांवर सशस्त्र हल्ला झाला होता. त्यात राम बहादूर हा कामगार आणि नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांचा मृत्यू झाला. त्या दिवशी प्रयोग करीत असलेली संस्था म्हणजे दिल्लीचा 'जन नाट्य मंच'. 'जनम' या संक्षिप्त नावाने ती देशभर ओळखली जाते.

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने नाटक केवळ नाट्यगृहात आणि तिकीट काढूनच पाहायचे असते ही समजूत मोडून काढली. कारखान्याचे दार, महाविद्यालयाचे आवार, झोपडपट्टीतील मोकळी जागा, रस्त्याचा कोपरा ही तिची रंगमंच होण्याची ठिकाणे ठरली. संस्थेचा इतिहास, तिची कार्यपद्धती आणि तिच्यापुढील प्रश्न यांचा हा परिचय.

स्थापना आणि सुरुवातीचा काळ

दिल्लीच्या नाट्यजीवनाचे केंद्र मंडी हाउस परिसर मानला जातो. राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि शहरातील प्रमुख प्रेक्षागृहे याच भागात आहेत. १९७० च्या दशकात दिल्ली विद्यापीठातील काही तरुणांना या केंद्राच्या बाहेर राहणारा प्रेक्षक गाठावा असे वाटू लागले. डाव्या विद्यार्थी चळवळीशी संबंधित असलेल्या या तरुणांपुढे भारतीय जननाट्य संघ म्हणजेच 'इप्टा'चा आदर्श होता. 'इप्टा'ची स्थापना १९४३ मध्ये मुंबईत झाली होती. मात्र सत्तरच्या दशकापर्यंत तिचा पूर्वीचा जोम ओसरला होता. त्या वारशाला नव्याने चालना देण्याच्या प्रयत्नातून १९७३ मध्ये जन नाट्य मंच उभा राहिला.

संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले सफदर हाश्मी यांचा जन्म १२ एप्रिल १९५४ रोजी दिल्लीत झाला. सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी दिल्ली विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. केले. काही काळ अध्यापन, पत्रकारिता आणि पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतील माहिती कार्यालयात नोकरी केल्यानंतर १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ सांस्कृतिक व राजकीय कार्याला वाहून घेतले. ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि ही बांधिलकी त्यांनी कधी लपविली नाही.

सुरुवातीच्या काळात 'जनम' मोठी, रंगमंचीय नाटके करीत असे. गावोगावी तात्पुरता मंच उभारून ती सादर केली जात. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निवडणुकीसंबंधी निकाल दिला. त्यानंतर संस्थेने 'कुर्सी, कुर्सी, कुर्सी' हे छोटे नाटक उघड्यावर सादर केले. राजा सिंहासनावरून उठू पाहतो, पण खुर्चीही त्याच्याबरोबर उठते, अशी त्याची गमतीदार कल्पना होती. लवकरच आणीबाणी लागू झाली आणि संस्थेचे काम जवळजवळ थांबले.

'मशीन' : तेरा मिनिटांचे नाटक

आणीबाणी उठल्यानंतर संस्था पुन्हा उभी राहिली तेव्हा परिस्थिती बदलली होती. कामगार संघटना आर्थिक अडचणीत होत्या. मोठ्या नाटकाचा खर्च त्यांना पेलणारा नव्हता आणि संस्थेलाही तो झेपत नव्हता. मोठे नाटक लोकांपर्यंत नेता येत नसेल तर छोटे नाटक न्यावे, असा साधा व्यवहारी विचार त्यातून पुढे आला. 'जनम'च्या पथनाट्याचा जन्म अशा अडचणीतून झाला.

नाटकाचा विषय जवळच मिळाला. गाझियाबाद परिसरातील हेरिग इंडिया या कारखान्यातील कामगारांनी सायकली ठेवण्यासाठी जागा आणि चहापाण्यासाठी उपाहारगृह अशा दोन साध्या मागण्या केल्या होत्या. आंदोलन चिघळले, सुरक्षारक्षकांनी गोळीबार केला आणि सहा कामगार ठार झाले. या घटनेवर आधारित 'मशीन' हे नाटक ऑक्टोबर १९७८ मध्ये सादर झाले. त्याचा कालावधी होता सुमारे तेरा मिनिटे.

या नाटकाला नेपथ्य नव्हते. कलावंत आपल्या शरीरांच्या एका लयीतील हालचालींनी आणि आवाजांनी यंत्र उभे करीत. यंत्र चालत असताना एकाएकी थांबते, कारण त्याचाच एक भाग असलेला कामगार काम करण्यास नकार देतो. मग मालक आणि रक्षक हेही याच यंत्राचे भाग असल्याचे प्रेक्षकांच्या ध्यानात येते. नोव्हेंबर १९७८ मध्ये औद्योगिक संबंध विधेयकाच्या विरोधात कामगार संघटना दिल्लीत एकत्र आल्या होत्या. त्या वेळी तालकटोरा स्टेडियममधील परिषदेत आणि पाठोपाठ बोट क्लबवरील विराट मेळाव्यात 'मशीन'चे प्रयोग झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या प्रतिनिधींनी हे नाटक आपापल्या प्रदेशात नेले आणि पुढे अनेक भारतीय भाषांत ते सादर झाले.

प्रत्येक प्रश्नासाठी नवे नाटक

गाजलेल्या संहितांचे प्रयोग करण्यापेक्षा नवे नाटक लिहिण्यावर 'जनम'ने सातत्याने भर दिला. तशी गरजच होती. बसभाडे वाढले तर त्यावरचे नाटक त्याच आठवड्यात लोकांपुढे यायला हवे. वर्षभराने त्याचा उपयोग नाही. दिल्ली परिवहन महामंडळाच्या भाडेवाढीवर १९७९ मध्ये आलेले 'डी.टी.सी. की धांधली' हे याचे ठळक उदाहरण होय. ग्रामीण भागातून शहराकडे होणारे स्थलांतर, बेरोजगारी, महागाई, जातीय दंगली अशा विषयांवर एकामागून एक नाटके तयार होत गेली.

बहुतेक संहिता सामूहिकपणे लिहिल्या गेल्या. विषयाची माहिती गोळा करणे, त्यावर चर्चा करणे, प्रसंग उत्स्फूर्तपणे करून पाहणे आणि मग संवाद पक्के करणे, असा क्रम असे. प्रयोगानंतर प्रेक्षक जे सांगत त्यानुसार फेरफार होत. त्यामुळे संहिता कधीही अंतिम मानली जात नसे. १९८९ पर्यंतच्या सुमारे दहा वर्षांत संस्थेने २४ पथनाट्यांचे अंदाजे चार हजार प्रयोग केले.

पथनाट्य हे रंगमंचीय नाटकाचे विरोधी आहे, असे मात्र सफदर हाश्मी मानीत नसत. चांगले नाट्यगृहही सामान्य माणसाच्या हक्काचे असले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मुन्शी प्रेमचंद यांच्या कथेवर आधारित 'मोटेराम का सत्याग्रह' हे नाटक १९८८ मध्ये ज्येष्ठ दिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्या सहकार्याने रंगमंचावर आले, ते याच भूमिकेतून.

स्त्रिया, स्थलांतरित आणि अल्पसंख्य

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या औद्योगिक नगरांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, बंगाल, नेपाळ अशा निरनिराळ्या प्रदेशांतून आलेले लोक राहतात. त्यांची भाषा, धर्म आणि जात वेगवेगळी असते. या सर्वांना एका वर्तुळात उभे करणारे नाटक लिहायचे तर त्याची भाषा बोलीजवळची असावी लागते आणि विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातला असावा लागतो. 'जनम'ने साधी हिंदुस्तानी, समूहगीते, विनोद आणि ठसठशीत हालचाली यांचा आधार घेतला.

१९७९ मध्ये आलेले 'औरत' हे संस्थेचे सर्वाधिक गाजलेल्या नाटकांपैकी एक. इराणी क्रांतिकारक मर्झिये अहमदी उस्कुई यांच्या कवितेने त्याची सुरुवात होते. घरातील मुलगी, विवाहित स्त्री, कामगार स्त्री अशा विविध रूपांतून एकच अभिनेत्री स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे उभे करते. ही भूमिका मलयश्री हाश्मी यांनी दीर्घकाळ साकारली. मराठी वाचकांना या संदर्भात स्त्री मुक्ती संघटनेच्या 'मुलगी झाली हो' या १९८३ मध्ये आलेल्या आणि ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेल्या नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही नाटकांनी स्त्रियांचा प्रश्न दिवाणखान्यातून बाहेर काढून वस्तीत नेला.

धार्मिक तेढीवर 'हत्यारे' आणि 'अपहरण भाईचारे का' ही नाटके लिहिली गेली. दंगलीत होरपळणाऱ्या सामान्य माणसाच्या बाजूने ती बोलत असल्याने तणावाच्या काळातही त्यांचे प्रयोग झाले.

१ जानेवारी १९८९

नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली आणि परिसरातील औद्योगिक कामगारांनी सात दिवसांचा संप केला. किमान वेतनात वाढ ही त्यांची प्रमुख मागणी होती. संपाच्या प्रचारासाठी 'जनम'ने 'चक्का जाम' हे नाटक केले होते. संपानंतर त्यात बदल करून 'हल्ला बोल' तयार झाले.

१ जानेवारी १९८९ रोजी, रविवारी सकाळी, झंडापूर येथे त्याचा प्रयोग सुरू झाला. गाझियाबाद नगरपालिकेच्या निवडणुकीचे ते दिवस होते आणि सीटू या कामगार संघटनेच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराच्या प्रचारासाठी हा प्रयोग होता. प्रतिस्पर्धी उमेदवाराची मिरवणूक तेथे येऊन पोहोचली. नाटक संपेपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या रस्त्याने जावे, अशी विनंती सफदर हाश्मी यांनी केली. थोड्याच वेळात लाठ्या, लोखंडी गज आणि बंदुकांसह हल्ला झाला. राम बहादूर गोळीला बळी पडले. इतरांना निसटण्यास वेळ मिळावा म्हणून मागे राहिलेल्या सफदर हाश्मी यांच्या डोक्यावर प्राणघातक वार करण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २ जानेवारीच्या रात्री, दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ३४ वर्षांचे होते. त्यांच्या अंत्ययात्रेत हजारो लोक सहभागी झाले.

४ जानेवारीला 'जनम'चे कलावंत पुन्हा झंडापूरला गेले. ज्या जागी प्रयोग मध्येच थांबला होता, त्याच जागी मोठ्या जनसमुदायासमोर त्यांनी 'हल्ला बोल' पूर्ण केले. पतीच्या निधनाला दोन दिवसही झाले नसताना मलयश्री हाश्मी यांनी त्यात आपली भूमिका केली. भारतीय रंगभूमीच्या इतिहासात हा प्रयोग कायमचा नोंदला गेला आहे.

घटनेचे पडसाद देशभर उमटले. त्याच महिन्यात दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अभिनेत्री शबाना आझमी यांनी व्यासपीठावरून जाहीर निषेध नोंदविला. कलावंत आणि विचारवंतांनी 'सहमत' या नावाने सफदर हाश्मी स्मृती न्यास स्थापन केला. तो 'जनम'पासून वेगळा आहे. १२ एप्रिल हा सफदर यांचा जन्मदिवस राष्ट्रीय पथनाट्य दिन म्हणून पाळण्यास त्याच वर्षी सुरुवात झाली. न्यायालयीन प्रक्रिया मात्र दीर्घकाळ चालली. गाझियाबादच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले ते नोव्हेंबर २००३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी.

महाराष्ट्राशी असलेले नाते

पथनाट्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात तमाशा आणि पोवाडा यांना कामगारांच्या प्रश्नांचे वाहन बनविले होते. त्याच दशकात 'इप्टा'ने पेरलेल्या बीजाचे एक फळ म्हणून 'जनम'कडे पाहता येते.

अधिक निकटचे नाते एका मराठी कुटुंबाच्या द्वारे जुळले. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या नाटकाचे लेखक गो. पु. देशपांडे हे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. त्यांचे पुत्र सुधन्वा देशपांडे १९८७ पासून 'जनम'मध्ये अभिनेते आणि दिग्दर्शक म्हणून कार्यरत झाले. झंडापूरच्या प्रयोगात तेही होते. सफदर हाश्मी यांच्या जीवनावर आणि मृत्यूवर त्यांनी लिहिलेले 'हल्ला बोल' हे इंग्रजी पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्यावरील गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे नाटक 'जनम'ने सुधन्वा यांच्या दिग्दर्शनाखाली हिंदीत सादर केले होते. पुढे २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन हेच नाटक मराठीत बसविले. पाहणारा कामगार स्वतः रंगमंचावर उभा राहिला, हा या प्रवासाचा महत्त्वाचा टप्पा म्हणता येईल.

स्टुडिओ सफदर

सफदर यांच्यानंतर संस्थेची धुरा मलयश्री हाश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली. संस्थेतील बहुतेक कलावंत शिक्षण किंवा नोकरी सांभाळून काम करतात. वस्त्यांमध्ये मंच घेऊन जाणारे 'सफर' हे फिरते नाट्यगृह आणि 'नुक्कड जनम संवाद' हे नियतकालिक असे उपक्रमही संस्थेने केले. २०१५-१६ मध्ये पॅलेस्टाईनमधील जेनिन येथील फ्रीडम थिएटरच्या कलावंतांसमवेत तिने 'हमेशा समिदा' हे नाटक तयार करून भारतातील विविध शहरांत नेले.

स्वतःची जागा मात्र संस्थेकडे अनेक वर्षे नव्हती. १२ एप्रिल २०१२ रोजी पश्चिम दिल्लीतील शादी खामपूर या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत 'स्टुडिओ सफदर' सुरू झाला. त्याला जोडून मे डे हे पुस्तकांचे दुकान उघडण्यात आले. सरकारी अनुदान किंवा उद्योगसमूहाचे प्रायोजकत्व न घेता, व्यक्तींनी दिलेल्या लहानमोठ्या देणग्यांतून हा स्टुडिओ उभारण्यात आला. मंडी हाउसऐवजी कष्टकरी वस्तीची निवड करण्यामागे संस्थेची मूळ भूमिकाच होती. शादीपूर भागातच लोककलावंतांची प्रसिद्ध कठपुतळी कॉलनी होती. पुनर्विकास योजनेसाठी ती २०१७ मध्ये पाडण्यात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर कला सादर करणाऱ्या कुटुंबांना आपली जागा सोडावी लागली.

उघड्या जागेचा प्रश्न

पथनाट्याला नाट्यगृह लागत नाही, पण जागा लागतेच. ती जागा सार्वजनिक आणि खुली असावी लागते. 'मशीन'चा प्रयोग ज्या बोट क्लबच्या हिरवळीवर झाला, तेथे १९९३ नंतर सभा-मेळाव्यांना मनाई करण्यात आली आणि जंतर-मंतर हे निदर्शनांचे ठिकाण बनले. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने तेथेही बंदी आली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही ठिकाणी सरसकट बंदी घालता येणार नाही, असा निर्णय दिला आणि नियमनासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्यास सांगितले. ब्रिटिशांनी १८७६ मध्ये केलेला नाट्यप्रयोग नियंत्रण कायदाही आता केंद्राने रद्द केला आहे. असे असले तरी उघड्यावरील प्रयोगासाठी स्थानिक परवानगीचा प्रश्न उरतोच. फाटकांनी बंद केलेल्या नव्या निवासी वसाहती आणि व्यापारी संकुले वाढत असताना माणसे सहज थांबू शकतील असे नुक्कड कमी होत चालले आहेत.

सुगमतेच्या कल्पनेलाही आज अधिक व्यापक अर्थ आला आहे. तिकीट नाही, पायऱ्या नाहीत, पोशाखाची अट नाही, या दृष्टीने पथनाट्य सर्वांसाठी खुले आहे. तरीही दाटीने उभ्या असलेल्या वर्तुळात चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला पुढे जागा ठेवली नाही तर तिला काहीच दिसत नाही आणि सांकेतिक भाषेची सोय नसेल तर कर्णबधिर प्रेक्षकाला संवाद कळत नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम २९ मध्ये कला आणि सांस्कृतिक जीवन दिव्यांगांना सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली आहे. नाट्यगृहे आणि नाट्यसंस्था या दोहोंनाही या दिशेने बरेच काम करावे लागणार आहे.

मूल्यमापन

'जनम'ची नाटके प्रचारकी आहेत, ती एका राजकीय विचाराची बाजू घेतात, अशी टीका होत आली आहे. संस्थेने आपली बाजू कधी नाकारलेली नाही. मात्र प्रचारासाठी लिहिलेली सर्वच नाटके टिकत नाहीत. तात्कालिक विषयावरचे 'मशीन' इतक्या वर्षांनंतरही केले जाते, याचे श्रेय त्याच्या आशयाइतकेच त्याच्या बांधणीलाही द्यावे लागते. तेरा मिनिटांत, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेविना, केवळ सहा-सात माणसांच्या शरीरांतून एक कारखाना उभा करणे हे रंगभूमीचेच कौशल्य आहे.

सुगम रंगभूमी म्हणजे स्वस्त तिकीट एवढाच अर्थ नव्हे, हे या संस्थेच्या वाटचालीतून दिसते. प्रेक्षक जेथे राहतो तेथे जाणे, त्याच्या भाषेत बोलणे, त्याच्या प्रश्नावर नवे नाटक लिहिणे आणि त्याने केलेली दुरुस्ती मान्य करणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यासाठी मोजावी लागलेली किंमत झंडापूरला ठाऊक आहे. दर १ जानेवारीला तेथे होणारे स्मरण सफदर हाश्मी यांचे असते, तसेच नाटक पाहायला आलेल्या राम बहादूर या कामगाराचेही असते. त्या दिवशी तेथे पुन्हा वर्तुळ आखले जाते, ढोलकी वाजू लागते आणि घरी परतणारे लोक काय चालले आहे ते पाहण्यासाठी थांबतात.